नियम क्रमांक सात

आख्ख्या नागपुरात नियम पाळणारी एकच व्यक्ती होती, आणि ती रोज दुपारी चार ते सात आमच्या वाचनालयात, जिन्याकडून दुसऱ्या टेबलाशी, भिंतीला पाठ लावून बसायची. हे मी उगाच कौतुकानं म्हणत नाही. या शहरात लाल दिवा लागला की माणूस आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे बघतो आणि गाडी पुढे काढतो. या बाई मात्र भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, रस्त्यावर कुत्रंही नसताना, चौकात लाल दिव्यापाशी उभ्या होत्या, हे मी ऑटोतून माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि त्या पायी होत्या. डोक्याला ओला दुपट्टा, हातात छत्री, नजर दिव्यावर. हिरवा झाला तशा चालू लागल्या. त्यांच्यासाठी त्या चौकात दुसरं कोणी थांबलं नाही. माझा ऑटोही नाही.

त्यांचं नाव मी सांगत नाही. विचारल्याशिवाय दुसऱ्याचं नाव लिहू नये असा त्यांचा एखादा नियम असणारच, आणि या वयात मला त्यांची बोलणी खायची नाहीत. आम्ही सगळे त्यांना रबरवाल्या बाई म्हणायचो, अर्थात मागे. पुढ्यात नुसतं बाई. आता तुम्हाला वाटेल, त्या तिथं नोकरीला असतील. नव्हत्या. तुमच्या-माझ्यासारख्याच सभासद. नोकरीला होते ते आमचे ग्रंथपाल, फार सज्जन गृहस्थ, आणि जिन्यावर बाईंची पावलं वाजली की ते खुर्चीत सरळ बसायचे, टेबलाखाली पायानं चपला शोधायचे आणि मोबाइल खणात ठेवून द्यायचे. मी एकदा त्यांना विचारलं, "सर, त्या तुमच्यापेक्षा मोठ्या साहेब आहेत का?" तर म्हणाले, "काकू, साहेबाची बदली होते. यांची होत नाही."

वाचनालय आमचं महाल भागातल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली भांड्यांचं दुकान. लग्नसराई आली की तिथं भांड्यांवर नावं टाकायचं मशीन दिवसभर चालायचं, टर्रर्र टर्रर्र, आणि वर जुने सभासद त्याच तालावर पेपर वाचायचे, असं मी ऐकलं. कोणाची काही तक्रार नव्हती, सवय झाली होती. बाईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात खाली उतरून दुकानदाराला नियम क्रमांक एक वाचून दाखवला. शांतता राखावी. तो म्हणाला, "बाई, तो नियम वरचा आहे. मी खाली आहे." बाई म्हणाल्या, "आवाज वर येतो न? मग आवाजाले लागू आहे." तो म्हणाला, "माझा धंदा आहे बाई." तर म्हणे, "धंदा करा न. कोण नाही म्हणून राहिलं? नाव चार वाजायच्या आधी टाका. भांडं काय पळून चाललं?" त्या दिवसापासून चारच्या ठोक्याला ते मशीन बंद व्हायचं. नवरीकडची माणसं ताट घेऊन आली तरी दुकानदार वरच्या खिडकीकडे बोट दाखवून सांगायचा, उद्या या.

भिंतीवर बारा नियमांचा पत्र्याचा फलक आहे, कोण्या काळी पेंटरनं निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत रंगवलेला. खुर्च्या ओढू नयेत, थुंकी लावून पान उलटू नये, खाद्यपदार्थ आणू नयेत, अशा चालीचा. तो आहे हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. वाचला कोणी नव्हता. बाईंनी वाचला होता, आणि तो अपुरा आहे असं त्यांचं मत पडलं. म्हणून त्याच्याखाली त्यांनी आपल्या हातानं पुठ्ठे लावायला सुरुवात केली. पेपरचं मधलं पान एकट्यानं दहा मिनिटांच्या वर धरू नये. शब्दकोडं पेपरवर सोडवू नये, कागदावर उतरवून घ्यावं. शिंक आल्यास जिन्यात जावं. या शेवटच्यावर आमचे एक पेपरवाले आजोबा रोज चिडायचे. धोतर, काळी टोपी, कान थोडे जड. ते म्हणायचे, "शिंक काय पोस्टकार्ड टाकून येते का?" आणि चिडता चिडताच नाक धरून जिन्याकडे पळायचे.

उन्हाळ्यात तर विचारू नका. आमच्या हॉलमध्ये एकच कूलर, आणि त्याच्या तोंडासमोर एकच खुर्ची. त्या खुर्चीसाठी बाई यायच्या आधी चांगली चांगली माणसं हमरीतुमरीवर यायची. बाईंनी पुठ्ठा लावला: कूलरसमोरील खुर्ची, एका वेळी वीस मिनिटं, वयाप्रमाणे. मग वयं विचारली. मग एक गंमत झाली. लग्नाच्या मांडवात वयं घटतात, इथं वाढली. एरवी साठीचे आहोत म्हणणारे दोन गृहस्थ एकदम त्र्याहत्तर आणि पंच्याहत्तर वर्षांचे झाले. बाईंनी दोघांना आधार कार्ड आणायला सांगितलं. दोघंही आठवडाभर आले नाहीत. स्वतः बाई त्या खुर्चीत कधी बसल्या नाहीत. मी म्हटलं, "तुमची पण पाळी आहे न." तर म्हणाल्या, "पाळी लावणाऱ्यानं पाळी घेऊ नये." हा नियम कुठल्याच पुठ्ठ्यावर नव्हता.

हे सगळं त्यांच्या अंगात कुठून आलं ते मला पुढे कळलं. नोकरी टेलिफोन खात्यातली. ट्रंक ऑपरेटर. आताच्या पोरांना सांगावं लागतं: पूर्वी परगावी बोलायचं तर आधी नंबर नोंदवा, मग तास दोन तास वाट पाहा, मग एक बाई जोडून देणार, आणि तुम्ही घरच्या कोणाचं दुखणं विचारत असाल तेवढ्यात मध्येच थंड आवाजात सांगणार, तीन मिनिटं झाली. तो आवाज यांचा. त्या आवाजापुढे माझ्या सासऱ्यांचीसुद्धा बोबडी वळायची, आणि ते कोणाचं ऐकणारे नव्हते. बाईंना दोन आवाज होते. एक तो फोनवरचा, इस्त्री केलेला, "कृपया संभाषण संपवावे" असा. आणि दुसरा घरचा, राग आला की आपोआप निघणारा, "काहून बोंबलून राहिला बे?" पहिल्याला लोक घाबरायचे, दुसऱ्यावर प्रेम करायचे. परीक्षांचा अभ्यास करणारा एक तरुण मुलगा जिन्यात उभा राहून फोनवर हळू हळू बोलत होता, कोणाशी ते चेहऱ्यावरून कळत होतं. बाई घड्याळ घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. "तीन मिनिटं झाली." त्यानं घाबरून फोन कापला. दुसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं, "आजी, वाढवून मिळेल का?" बाईंनी क्षणभर विचार केला. ट्रंक कॉल वाढवून मिळायचा, तेव्हा नियमात बसत होतं. म्हणाल्या, "एकदाच."

माझी त्यांची ओळख संत्र्यानं झाली. मी काटोलची. यजमान गेल्यावर मुलगा म्हणाला, बंगलोरला चल. गेले, चार महिने राहिले, चौदाव्या मजल्यावरून ढग पाहिले आणि परत आले. महालात आमच्या दोन खोल्या आहेत. सकाळ कशीही जाते हो, भांडी असतात, देव असतात, भाजीवाला असतो. दुपार जात नाही. शिक्षण माझं सातवी, पण वाचायचा नाद लहानपणापासून, पुडीचा कागदसुद्धा वाचून मगच फेकायचा. म्हणून नाव घातलं वाचनालयात. पहिल्याच दिवशी भावानं गावाकडून पाठवलेलं संत्रं पिशवीत होतं, ते मी कपाटाच्या आडोशाला उभी राहून सोलायला घेतलं. दोन फोडी तोंडात जातात न जातात तोच शेजारी आवाज आला: "नियम क्रमांक पाच. कृपया." "अगं बाई!" म्हणत मी घाबरून साल पदरात लपवली. बाईंनी नाक वर करून वास घेतला. मग घरच्या आवाजात म्हणाल्या, "वास लपवता येते का वं?" मला घेऊन खाली पायरीवर आल्या, बसल्या आणि हात पुढे केला. "द्या अर्धं. इथं नियम नाही." चार फोडी शांतपणे खाल्ल्या, बिया मोजल्यासारख्या रुमालात बांधल्या आणि विचारलं, "काटोल का?" मी म्हटलं, तुम्हाले कसं समजलं? म्हणे, "तुम्ही एकच शब्द बोलल्या, अगं बाई. तेवढा बस झाला. चाळीस वर्षं कानात माणसं ऐकली. आवाज बदलता येते माणसाले. काय सांगायचं, ते नाही बदलता येत." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी काटोलवाल्या झाले.

आता रबराचं सांगते. नियम क्रमांक सात: पुस्तकांवर काहीही लिहू नये. हा बाईंचा जीव की प्राण. आपल्या वाचकांना तर तुम्ही ओळखता. पान त्र्याऐंशीपासून बोअर. लेखकाच्या फोटोला मिशा. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर, खून मेहुण्यानं केला आहे. हे शेवटचं वाचून तर बाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. त्यांनाही ती रहस्यकथा वाचायची होती. म्हणून त्यांनी एक एक कपाट घेऊन एक एक पुस्तक पानापानानं साफ करायला घेतलं. निळ्या रेक्झिनच्या पिशवीत त्यांचा सगळा सरंजाम असायचा: पांढरं रबर, पान उलटायला पाण्यात भिजवलेला स्पंज, डिंकाची बाटली, आणि वडिलांचा दाढीचा ब्रश. रबर फिरवलं की ब्रशनं चुरा झटकायचा, इतक्या हलक्या हातानं की एखाद्या बाळाच्या मानेवरची पावडर झटकावी. एका कपाटाला एक आठवडा. सोमवारी वरचा कप्पा, शनिवारी खालचा. वर्षभरात फेरी पूर्ण आणि पुन्हा पहिलं कपाट.

आणि आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पुस्तकांवर लिहिणारी मी होते.

सगळं नाही. मिशा माझ्या नव्हेत. पण झालं असं की एका कादंबरीत सून पंधरा मिनिटांत पुरणपोळ्या करून पाहुण्यांना वाढते. मी ते वाचलं आणि माझ्यानं राहवेना. शेजारी सांगायला कोणी असतं तर सांगितलं असतं. घरी यजमान असते तर ताट वाढता वाढता सांगितलं असतं. ते हं म्हणाले असते, ऐकलं नसतं, पण सांगून तर झालं असतं. कोणीच नव्हतं. पिशवीत हिशेब लिहायची पेन्सिल होती. मी समासात लिहिलं: पंधरा मिनिटांत पुरण शिजत नाही. लिहिलं आणि एकदम बरं वाटलं बघा, जिवाला थंडावा. मग ती सवयच लागली. हा जावई मला पहिल्यापासून पसंत नव्हता. विदर्भात एवढी थंडी नसते. ही बाई सारखी का रडते, हिला माहेर आहे. पुस्तक मी घरी कधी नेलं नाही. नेलं असतं तर रजिस्टरात माझा नंबर लागला असता. तिथंच बसून लिहायचं आणि कपाटात ठेवून द्यायचं.

दोनेक महिन्यांनी ती पुरणपोळीची कादंबरी पुन्हा हातात आली. पान उघडलं. माझं वाक्य नव्हतं. स्वच्छ समास, आणि शिवणीच्या खाचेत रबराचा एवढासा चुरा. मला राग यायला हवा होता. पण मी त्या चुऱ्याकडे पाहत बसले. म्हटलं, म्हणजे हे कोणीतरी वाचलं. पुसायच्या आधी वाचावं तर लागतंच न. माझा मुलगा दर रविवारी फोन करतो, बिचारा नेमानं करतो, जेवलीस का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवतो. त्यात मला काय वाटतं हे सांगायला जागाच नसते. इथं होती. मग मी हिशेबानं लिहायला लागले. बाईंचं या आठवड्यात चौथं कपाट चालू, म्हणजे गुरुवारी मधला कप्पा, म्हणजे बुधवारी तिथं लिहावं. पोस्टमन पेटी कधी उघडतो हे माहीत असल्यावर आपण टपाल टाकतो न, तसं.

आणि इकडे बाईंनी त्या पेन्सिलवाल्याचा तपास सुरू केला. वाचनालयाच्या कमिटीकडून ठराव करून घेतला की नियम सात मोडणारा सापडला तर त्याचं सभासदत्व कायमचं रद्द. ग्रंथपालांनी तो ठराव दारावर लावला. मी तो वाचला आणि पेन्सिल पिशवीच्या तळाशी ढकलली. दुसऱ्याला हसू येईल, म्हणतील, दुसरं वाचनालय शोधा. पण त्या जिन्यानं वर आलं की कोणीतरी मान वर करून "आलात?" म्हणायचं. दिवसातून मला उद्देशून म्हटलेला तो पहिला शब्द असायचा, पुष्कळदा शेवटचाही. तो रद्द झाला असता. त्यात बाईंनी तपासाला मदतनीस म्हणून निवडलं ते मला. म्हणाल्या, "तुमचा चेहरा साधा आहे. तुमच्यावर कोणी शक नाही घेत." मी हो म्हटलं. काय करणार?

मग आम्ही दोघी दुपारभर मला शोधायचो. बाईंचा अंदाज पक्का होता: पुरुष आहे, पेन्शनर आहे, घरी कोणी त्याचं ऐकत नाही. संशय पेपरवाल्या आजोबांवर. मी त्यांच्यावर पाळत ठेवायची आणि चिठ्ठीवर लिहून द्यायचं. माझं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी मुद्दाम डाव्या हातानं लिहायची. बाई चिठ्ठी बघायच्या आणि पिशवीत टाकायच्या. एक दिवस त्यांनी आजोबांना कागद पेन्सिल देऊन सांगितलं, लिहा, पुरण. आजोबा म्हणाले, "काहून? सण आहे का?" लिहिलं त्यांनी बिचाऱ्यांनी. बाईंनी भिंग लावून पाहिलं. "अक्षर मिळत नाही. पण माणूस हुशार आहे." आजोबा आठवडाभर सगळ्यांना विचारत होते, पुरण कधी आहे.

मी थांबायला हवं होतं. थांबलेही, तीन आठवडे. एकही अक्षर लिहिलं नाही. बाई रोज पानं उलटायच्या, रबर हातात तसंच, आणि चौथ्या आठवड्यात मला म्हणाल्या, "बंद केलं वाटते त्यानं लिहिणं. बरं झालं." बरं झालं असं म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू एक्स्चेंजमधली शेवटची लाइन बंद पडली. त्यांच्या घरी मी एकदाच गेले होते. एकच खोली, एक खुर्ची. दुसरी खुर्ची नाही हे बघून मी म्हटलं, कोणी आलं तर? म्हणाल्या, "येते कोण?" त्यांचंही कोणी नव्हतं. रायपूरला एक भाचा, दिवाळीला मिठाईचा डबा पाठवणारा. चाळीस वर्षं साऱ्या गावाला एकमेकांशी जोडून दिलं या बाईनं, आणि स्वतःचा कॉल कुठेच नोंदवला नव्हता.

त्याच आठवड्यात माझ्या लग्नाचा वाढदिवस होता. मुलाच्या लक्षात राहत नाही, त्याचा दोष नाही. मी बुधवारी, सातव्या कपाटाच्या मधल्या कप्प्यात, एका प्रवासवर्णनात लिहिलं: उद्या आमच्या लग्नाचा वाढदिवस. सांगायला कोणी नाही म्हणून इथं लिहिलं. लिहिल्यावर कळलं की हे त्या पेन्शनर पुरुषाचं वाक्य वाटेल असं काही नाही, आणि तरी मी खोडलं नाही. गुरुवारी बाई नेहमीसारख्या बसल्या. साडेपाचच्या सुमारास ते पुस्तक त्यांच्या हातात गेलं. मी पेपर धरला होता, पण डोळे तिकडेच. त्यांचा हात एका पानावर थांबला. बराच वेळ. मग रबर फिरलं, ब्रश फिरला, पुस्तक जागेवर गेलं. सात वाजता पायरीवर उतरलो तर बाई म्हणाल्या, "थांबा जरा." समोरच्या दुकानातून पाव किलो संत्राबर्फी घेऊन आल्या, पुडा माझ्या हातात दिला. मी विचारलं, काहून हो? म्हणाल्या, "घ्या. काही नाही. आज कोणाचं तरी काही असेलच."

मला समजलं की नाही, तुम्ही विचाराल. मी घरी जाऊन देवापुढे बर्फी ठेवली, यजमानांच्या फोटोपुढे ठेवली, आणि स्वतःला सांगितलं की त्यांना काही कळलेलं नाही. कळलं असतं तर त्यांनी नियमाप्रमाणे जाऊन सांगितलं असतं. लाल दिव्याला पायी उभी राहणारी बाई ती. ती काय माझ्यासाठी नियम मोडणार?

पुढे दोन वर्षांत त्यांची नजर गेली. आधी पेन्सिल दिसेना, मग छपाई. डॉक्टरांनी सांगितलं, जेवढं आहे तेवढं टिकवा. बाई तरी चारला हजर. मला म्हणाल्या, "काटोलवाल्या, तुम्ही पानं पाहा. कुठं लिहिलं आहे ते वाचून दाखवा आणि माझं बोट तिथं ठेवा. मी पुसते." आता आली का पंचाईत? त्यांच्या नजरेतून सुटलेल्या जुन्या वाक्यांवर मी त्यांचं बोट ठेवत, हळू आवाजात, माझंच त्यांना वाचून दाखवायला लागले. विदर्भात एवढी थंडी नसते. बाई म्हणायच्या, "खरं आहे." बोट सरकवायच्या आणि पुसायच्या. हा जावई मला पहिल्यापासून पसंत नव्हता. "काहून बरं?" त्या विचारायच्या. मग मी सांगायची काहून, म्हणजे त्या पेन्सिलवाल्याला काय वाटलं असेल ते सांगायची. त्या त्यावर बोलायच्या, मी बोलायची. हॉलमध्ये बोलायला मनाई, म्हणून बाईंनी आमच्यावरच घड्याळ लावलं होतं. एका शेऱ्याला तीन मिनिटं. झाली की स्वतःच फोनवरच्या आवाजात सांगायच्या, तीन मिनिटं झाली, आणि दोघी गप्प. पुढचं वाक्य येईपर्यंत. पुढचं वाक्य लवकर यावं म्हणून मी जास्त लिहायला लागले होते. माझ्या आयुष्यात इतकं मनापासून माझं कोणी ऐकलं नाही, हे मी यजमानांची माफी मागून सांगते.

मग रायपूरहून भाचा आला. चांगला मुलगा, नमस्कार केला सगळ्यांना. एकट्यानं राहणं आता होणार नाही, म्हणाला. बाईंनी वाद घातला नाही. शेवटच्या दिवशीही चारला आल्या. ग्रंथपाल उभे राहिले, या वेळी चपला आधीच पायांत होत्या. ते म्हणाले, "बाई, तो नियम सातचा तपास राहिलाच. काय लिहू फाइलवर?" हॉलमध्ये सगळे ऐकत होते, पेपरवाले आजोबासुद्धा कानाला हात लावून. बाई खुर्चीला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "लिहा, सापडला नाही. तपास बंद." ग्रंथपालांनी लिहिलं. मग बाईंनी माझा हात धरला आणि आम्ही जिना उतरलो, एक एक पायरी. खाली पायरीवर त्यांनी निळी पिशवी माझ्या हातात दिली. रबर, स्पंज, डिंक, ब्रश. गाडीत बसता बसता वळल्या, माझ्याकडे म्हणून थोडं भलतीकडेच बघत घरच्या आवाजात म्हणाल्या, "ते पुरणाचं मात्र बरोबर होतं. पंधरा मिनिटांत नाही शिजत." आणि गाडी गेली.

ते वाक्य मी त्यांना कधी वाचून दाखवलेलं नव्हतं. ते त्यांनी फार पूर्वी, डोळे चांगले असताना, आपल्या हातानं पुसलं होतं.

आता दर गुरुवारी पाच वाजता मी वाचनालयाच्या जिन्यात उभी राहून रायपूरला फोन लावते. भाचा त्यांना देतो. त्या म्हणतात, "बोला, रायपूर बोलतंय." मी आठवडाभरात पुस्तकांत जे लिहिलं ते वाचून दाखवते. त्या विचारतात, "पुसलं का?" मी म्हणते, पुसलं. मी पुसत नाही. पिशवी रोज नेते, टेबलावर ठेवते, ब्रश हातात धरून बसते. सातव्या कपाटात आता माझी पंधरा-वीस वाक्यं तशीच आहेत. कोणी पुसायला येत नाही, म्हणजे कोणी वाचत नाही. हॉलमध्ये लोक मोबाइलवर मोठ्यानं बोलतात, कूलरसमोरची खुर्ची ज्याला मिळेल त्याची. आजोबा येत नाहीत आताशा. पुठ्ठे ग्रंथपालांनी काढले नाहीत, पण एकेकाची दोरी तुटत चालली आहे.

मागच्या गुरुवारी फोनला उशीर झाला. लावला तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. मी वाचायला सुरुवात केली तोच बाई म्हणाल्या, "थांबा. खाली मशीन चालू आहे का?" मी कान दिला. चालू होतं, टर्रर्र टर्रर्र, कोणाच्या तरी ताटावर कोणाचं तरी नाव उतरत होतं. माझ्या कानाला आता ते ऐकूही येत नव्हतं, त्यांना रायपूरला ऐकू आलं. मी म्हटलं, "हो." म्हणाल्या, "साडेपाच झाले न?" मी म्हटलं, "झाले." मला वाटलं, आता म्हणतील, जा खाली, सांगा त्याले. तसं काही म्हणाल्या नाहीत. मी फोन थोडा जिन्याच्या कठड्याबाहेर धरला, म्हणजे त्यांना नीट ऐकू जावं. मग आम्ही दोघी ते मशीन ऐकत राहिलो, तिकडे त्या, इकडे मी. "पुसलं का?" असं त्यांनी विचारलं नाही. भाच्यानं केव्हातरी फोन ठेवला तेव्हा मी पाहिलं, अकरा मिनिटं झाली होती. तीन मिनिटं झाली असं त्या म्हणाल्या नव्हत्या, आणि मीही आठवण करून दिली नाही.